यमकं गोळा करणारा माणूस

उखाणा घेताना खरी पंचाईत कुठे होते? नाव घ्यायला आताशा कुणी लाजत नाही, पण शेवटचा शब्द जुळला पाहिजे ना! नवऱ्याचं नाव सुरेश असेल तर गणेश, देश, वेश असे शब्द हाताशी असतात. नाव जरा वेगळं निघालं की डोकं खाजवायची पाळी येते. मग आजी, आत्या, मावशी मदतीला धावतात आणि त्यांच्या पोतडीतून असा एखादा शब्द बाहेर पडतो, जो एरवी कुणी बोलत नाही, पण उखाण्यात मात्र चपखल बसतो. यमकासाठी म्हणून तो टिकलेला असतो.

शब्दांच्या या जुळणाऱ्या शेपटांमध्ये स्कॉटलंडमधल्या एका तरुणाचा जीव असा अडकला, की चोविसाव्या वर्षी त्यानं त्यांचं पुस्तकच काढलं. रॉबर्ट चेंबर्स त्याचं नाव. चेंबर्स म्हटल्यावर शाळेच्या कपाटातली ती जाडजूड इंग्रजी डिक्शनरी काहीजणींना आठवेल. हो, तेच ते चेंबर्स. पण डिक्शनरीवर ज्यांचं नाव असतं त्यांचंही एक घर असतं, बायको-मुलं असतात, आणि काही गोष्टी उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायच्या नसतात. रॉबर्टच्या घरात असं एक गुपित होतं, तब्बल चाळीस वर्षं सांभाळलेलं. त्याकडे येऊच, पण आधी त्याचं बालपण बघू.

ट्वीड नदीच्या काठी पीबल्स नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथे १० जुलै १८०२ रोजी रॉबर्टचा जन्म झाला. वडील जेम्स चेंबर्स सुती कापडाच्या धंद्यात होते, हाताखाली विणकर होते, घर खाऊनपिऊन सुखी होतं. आई जीन. थोरला भाऊ विल्यम दोन वर्षांनी मोठा. या दोन्ही भावांच्या हातापायांना जन्मतः सहा-सहा बोटं होती! आपल्याकडच्या म्हाताऱ्या सहावं बोट भाग्याचं समजतात. चेंबर्स मंडळींना मात्र ते काढून टाकणंच बरं वाटलं. विल्यमची शस्त्रक्रिया नीट झाली. रॉबर्टच्या पायांची बिघडली आणि पोर लंगडत चालू लागलं. बाकीची मुलं नदीवर हुंदडायची तेव्हा हा घरात पुस्तक घेऊन बसायचा.

पुस्तकं तरी अशी किती असणार गावात? एल्डर नावाच्या दुकानदारानं छोटंसं वाचनालय चालवलं होतं, तेवढंच. वडिलांनी या एल्डरकडून एकदा हौसेनं एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड घेतले. घरात ठेवायला जागा नव्हती म्हणून ते माळ्यावरच्या पेटीत गेले. रॉबर्टच्या हाताला एक दिवस ती पेटी लागली. दुसऱ्या पोरांना खेळणी मिळावीत तसा त्याला आनंद झाला, असं तो म्हातारपणीही सांगायचा.

आणखी एक आठवण तो फार रंगवून सांगायचा. पीबल्समध्ये टॅम फ्लेक नावाचा एक वल्ली होता. त्याच्याकडे जोसेफस या प्राचीन इतिहासकाराचं ज्यूंच्या युद्धावरचं जुनं पुस्तक होतं. संध्याकाळ झाली की टॅम ते काखेत मारून घरोघर जायचा आणि चुलीपाशी बसून त्यातली दोन-चार पानं वाचून दाखवायचा. शेकडो वर्षांपूर्वीचं ते युद्ध, पण लोक त्याला आजची काय खबर म्हणून विचारायचे, आणि तोही गंभीर चेहऱ्यानं सांगायचा की बातमी वाईट आहे, रोमनांनी जेरुसलेमला वेढा घातलाय! सगळं घर चिंतेत पडायचं. आपल्याकडे पोथी ऐकताना सीताहरणाच्या अध्यायाला बायका डोळे पुसतात, तसंच की हे.

या चुलीपाशी जी भाषा चालायची ती शाळेतली इंग्रजी नव्हती. ती होती स्कॉट्स. इंग्रजी आणि स्कॉट्स एकाच मुळातून निघालेल्या, पण निरनिराळ्या घरी वाढलेल्या बहिणी म्हणा. आणि त्यांच्यातला फरक गंमतीचा आहे, कारण तो पुष्कळदा शब्दाच्या शेवटाला दिसतो. इंग्रजीत नाइट, लाइट, राइट, ब्राइट असे एकसारखे संपणारे शब्द आहेत. स्कॉट्समध्ये हीच सगळी भावंडं निख्त, लिख्त, रिख्त, ब्रिख्त अशी होतात, घशातून खरखरणाऱ्या 'ख' सकट. हाऊस आणि माऊसचं होतं हूस आणि मूस. स्टोन आणि बोनचं स्टेन आणि बेन. बॉल, वॉल, फॉल यांच्या शेवटचा 'ल' तर गळूनच पडतो, उरतात बॉ, वॉ, फॉ. म्हणजे एक शेपूट बदललं की अख्खं कुटुंब एकदम बदलतं.

लाडाचं शेपूट तर विचारूच नका. आपण सोनीचं सोनुकली करतो, छबीचं छबुकडी करतो. स्कॉट्स माणूस शब्दाला शेवटी 'ई' लावतो. लॅस म्हणजे मुलगी, लॅसी म्हणजे गोड पोरगी. लॅडचा लॅडी, वाइफची वायफी. शेतातल्या उंदरालासुद्धा बीस्टी म्हणून गोंजारायची त्यांची रीत. इंग्रजीत असा 'ई' बहुधा एका 'वाय' या अक्षरानं लिहितात, स्कॉट्समध्ये 'आय' आणि 'ई' अशी दोन अक्षरं लागतात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

पण या सुखाला नजर लागली. यंत्रमाग आले आणि हातमागाचा धंदा बसला. वडिलांनी मग कापडाचं दुकान थाटलं. त्या काळात नेपोलियनशी युद्ध चालू होतं आणि पकडलेले फ्रेंच कैदी पीबल्समध्ये आणून ठेवले होते. सभ्य माणसं, गावात मोकळेपणानं राहायची. वडिलांनी त्यांना उधारीवर कापड दिलं. एके दिवशी कैद्यांना दुसरीकडे हलवलं आणि उधारी बुडाली ती बुडालीच. दिवाळं निघालं. १८१३ साली बिऱ्हाड एडिंबरा शहरात आलं. गावात मानानं राहिलेली माणसं, शहरात येऊन खोल्यांची भाडी मोजू लागली. वडिलांना पुढे समुद्राकाठच्या एका मिठागरावर देखरेखीची नोकरी मिळाली, पण ते मनानं खचले ते पुन्हा उभे राहिले नाहीत. संसार ओढला तो आईनं.

विल्यम चौदाव्या वर्षी एका पुस्तकविक्याकडे उमेदवारीला लागला, आठवड्याला चार शिलिंगांवर. त्यात राहायचं आणि जेवायचंही. एक बेकरीवाला होता, त्याला वाचनाची भारी आवड, पण कणीक मळता मळता वाचणार कसं? मग विल्यम पहाटे पाचला उठून बेकरीत जायचा, पिठाच्या पोत्यावर बसून मोठ्यानं गोष्टी वाचायचा आणि मोबदला म्हणून भट्टीतून नुकताच काढलेला एक गरम पाव मिळायचा. दिवसाची सुरुवात तेवढ्यावर.

रॉबर्टला पाद्री करायचं आईच्या मनात होतं. त्याला कॉलेजचा खर्च झेपेना. मुलांना शिकवण्या दे, कुणाकडे कारकुनी कर, असं करून पाहिलं, कुठेच जम बसेना. सोळाव्या वर्षी, १८१८ साली, त्यानं एक धाडस केलं. घरातली होती नव्हती ती सगळी जुनी पुस्तकं, त्यात स्वतःची शाळेची पुस्तकंही आली, उचलली आणि लीथ वॉक नावाच्या रस्त्यावर दुकान मांडलं. सगळी मिळून बारा फूट लांबीच्या फळीवर मावतील एवढाच माल. जी पुस्तकं जीव लावून वाचली तीच विकायला काढताना त्या पोराला काय वाटलं असेल! पण दुकान चाललं. पुढच्या वर्षी विल्यमही शेजारी येऊन बसला. त्यानं एक जुनाट हातछपाई यंत्र मिळवलं आणि एकेक खिळा जुळवत रॉबर्ट बर्न्स या लाडक्या स्कॉट्स कवीच्या गाण्यांच्या ७५० प्रती छापल्या. बांधणीसुद्धा स्वतःच केली.

रॉबर्टकडे आणखी एक गुण होता. त्याचं अक्षर मोत्यासारखं. वॉल्टर स्कॉट या थोर लेखकाच्या काव्यातली गाणी त्यानं सुरेख अक्षरात उतरवून काढली आणि १८२२ साली ती वही स्कॉटला भेट दिली. त्याच वर्षी राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला, तेव्हा त्याला द्यायचं मानपत्र लिहून काढायचं कामही या लंगड्या पोराकडे आलं. अशी त्याची अक्षरानं शहरात ओळख झाली. ही गोष्टही लक्षात असू द्या.

त्यानं मग एडिंबऱ्याच्या जुन्या वाड्यांच्या, बोळांच्या गोष्टी गोळा करून पुस्तक लिहिलं. ते गाजलं. आणि १८२६ साली आलं 'पॉप्युलर ऱ्हाइम्स ऑफ स्कॉटलंड', म्हणजे लोकांच्या तोंडची यमकं. पाळण्यातल्या बाळाला म्हणायची, मांडीवर बसवून झुलवताना म्हणायची, पाऊस येऊ नये म्हणून म्हणायची, कुणावर डाव येतो ते ठरवायला पोरं म्हणतात ती, गावागावांना चिडवायची, कोडी घालायची. पुढच्या आवृत्त्यांमध्ये तर खेळ आणि गोष्टीही आल्या.

आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण तेव्हाचं एडिंबरा डोळ्यापुढे आणा. शिकलेल्या लोकांना आपल्या बोलण्यातल्या स्कॉट्स शब्दांची लाज वाटायची. डेव्हिड ह्यूमसारख्या मोठ्या तत्त्ववेत्त्यानं कुठले शब्द टाळावेत याची यादी केली होती, इतकी. इंग्रजी शुद्ध बोलता येणं म्हणजे नोकरी, मान, लंडनमध्ये प्रवेश. गावाकडून आलेल्या मुलीला शहरातल्या सासरी आपली बोली गिळून टाकावी लागते ना, तसं अख्खं शहर गिळत होतं. अशा वेळी हा पुस्तकविक्या पोरगा दायांची, आज्यांची, गुराख्यांची बोली छापून दाखवत होता.

आणि ती तशीच्या तशीच छापावी लागते, कारण यमक! डोळ्याला इंग्रजीत आय म्हणतात, स्कॉट्समध्ये नुसतं 'ई'. स्कॉट्स गाण्यात हा 'ई' सी आणि मी यांच्याशी मस्त जुळतो. त्या जागी शुद्ध आय घातला की गाणं तिथल्या तिथे लंगडं होतं. म्हणून शाळेच्या मास्तरांनी कितीही छड्या मारल्या तरी बाळाच्या गाण्यातला 'ई' कुणाला काढता आला नाही. शब्दकोश करणाऱ्यांच्या आधी त्या शब्दाला यमकानंच सांभाळलं. आपल्या जात्यावरच्या ओव्यांचंही असंच आहे. अहिराणी किंवा वऱ्हाडी ओवी पुस्तकी मराठीत आणून बघा, शेवट जुळतच नाही.

या गोष्टी सांगणाऱ्या बायकांची नावं बहुतेक नाहीतच उरली. एक मात्र आहे. चार्ल्स शार्प नावाचा रॉबर्टचा एक हौशी मित्र होता. त्याच्या लहानपणी, १७८४च्या सुमाराला, जेनी नावाची दाई त्यांच्या घरी होती. तिनं सांगितलेली बेडकाची गोष्ट शार्पनं आठवून दिली आणि रॉबर्टनं जेनीच्या नावासकट छापली. आडनाव नाही, नुसती दाई जेनी. त्या काळच्या मानानं तेवढंही पुष्कळ.

याच संग्रहात पुढे आलेली व्हुपिटी स्टूरीची गोष्ट मला फार आवडते. एका बाईचा नवरा निघून गेलेला. घरात तान्हा मुलगा आणि आशेला एक डुकरीण, ती व्यायली की चार पैसे येणार. नेमकी तीच आजारी पडते. हिरव्या कपड्यातली एक अनोळखी बाई येऊन डुकरिणीला बरी करते आणि बदल्यात बाळ मागते. तीन दिवसांत माझं नाव ओळखलंस तर बाळ तुझं, नाहीतर माझं. आई रडून रडून बेजार होते, आणि रानात फिरताना तिला ती परी चरख्यावर सूत काततेय आणि स्वतःचं नाव गाण्यात गुंफून गातेय ते ऐकू येतं. नाव कळलं, बाळ वाचलं. बघा, यमकाच्या मोहात गुपित फुटलं!

रॉबर्टचं लग्न ७ डिसेंबर १८२९ रोजी अ‍ॅन कर्कवुडशी झालं. त्यांना चौदा मुलं झाली, तीन तान्हेपणीच गेली, अकरा वाढली. दरम्यान भावांचा धंदा असा फोफावला की काही विचारू नका. ४ फेब्रुवारी १८३२ रोजी विल्यमनं एक साप्ताहिक सुरू केलं, किंमत दीड पेनी. मजुराला परवडावं, घरातल्या बाईला आणि पोरांनाही वाचता यावं असं. काही दिवसांत एकट्या स्कॉटलंडमध्ये ३०,००० प्रती खपल्या. लवकरच रॉबर्टही संपादनात आला आणि त्यातले साधे, घरगुती, मिश्कील निबंध त्यानंच लिहिले. डोंगरातले मेंढपाळ एकच अंक वाचून ठरलेल्या दगडाखाली ठेवायचे, दुसरा येऊन तो उचलायचा, वाचून पुढच्या दगडाखाली ठेवायचा. भावांनी शाळेची स्वस्त पुस्तकंही काढली, ती सातासमुद्रापार गेली. आपल्याकडे बंगालमध्ये विधवाविवाहासाठी झगडणाऱ्या ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८४९ आणि १८५१ साली मुलांसाठी जी दोन बंगाली पुस्तकं लिहिली, ती चेंबर्सच्याच पुस्तकांवरून.

एक मात्र खटकतं. यमकं स्कॉट्समध्ये जपणाऱ्या रॉबर्टनं आपलं साप्ताहिक चालवलं ते स्वच्छ इंग्रजीत. धंदा लंडनपर्यंत न्यायचा होता ना! बोली पुस्तकात आणि व्यवहार इंग्रजीत, अशी त्यानंही तडजोड केलीच. त्याला दोष तरी कसा द्यायचा? आपणही मुलांना कुठल्या शाळेत घालतो ते आठवा.

आता ते गुपित. १८४०नंतरच्या काही वर्षांत रॉबर्ट विश्रांतीसाठी कुटुंबासह सेंट अँड्र्यूज या समुद्रकाठच्या गावी जाऊन राहिला. तिथे त्यानं एक पुस्तक लिहायला घेतलं. तारे, ग्रह, पृथ्वी, झाडं, प्राणी आणि माणूस हे सगळं निसर्गाच्या नियमानं हळूहळू घडत गेलं, असा त्याचा गाभा. डार्विनचं प्रसिद्ध पुस्तक यायला अजून पंधरा वर्षं होती! असं काही छापणं म्हणजे देवाधर्मावर घाव असं लोक समजणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्यात १८४३ साली स्कॉटलंडचं चर्च फुटलं होतं आणि धर्माच्या बाबतीत माणसं फार हळवी झाली होती. लेखकाचं नाव फुटलं असतं तर साप्ताहिक, शाळेची पुस्तकं, कामगार, भाऊ, सगळ्यांचंच वाटोळं झालं असतं.

नाव नाही छापलं तरी अक्षराचं काय? रॉबर्टचं मोत्यासारखं अक्षर छापखान्यातला कुणीही ओळखलं असतं. म्हणून सगळं हस्तलिखित अ‍ॅननं आपल्या हातानं उतरवून काढलं. पोरांनी भरलेलं घर सांभाळून. ती प्रत मँचेस्टरच्या अलेक्झांडर आयर्लंड या मित्राकडे जायची, तिथून लंडनच्या प्रकाशकाकडे. तपासायची मुद्रितंही त्याच वाटेनं परत यायची. प्रकाशकालासुद्धा लेखक कोण ते ठाऊक नव्हतं. सुरुवातीला गुपित माहीत होतं ते अ‍ॅनला, विल्यमला आणि दोन मित्रांना.

ऑक्टोबर १८४४मध्ये 'व्हेस्टिजेस ऑफ द नॅचरल हिस्टरी ऑफ क्रिएशन' बाहेर पडलं आणि धमाल उडाली. पहिल्या १,७५० प्रती हातोहात गेल्या. राणी व्हिक्टोरियाला तिच्या नवऱ्यानं ते वाचून दाखवलं. लेखक कोण, यावर मेजवान्यांमध्ये पैजा लागू लागल्या. कुणी राणीच्या नवऱ्याचं नाव घेतलं, कुणी लेखक थॅकरेचं, कुणी एडा लव्हलेसचं, तीच ती गणिती बाई. केंब्रिजचे भूगर्भशास्त्रज्ञ अ‍ॅडम सेजविक तर इतके भडकले की त्यांनी ८५ पानांचं परीक्षण लिहिलं, आणि सुरुवातीला आपल्याला हे एखाद्या बाईच्या हातचं वाटलं होतं असं त्यात सांगितलं. का? तर इतक्या उतावीळपणे निष्कर्ष बाईच काढणार म्हणून! विचार बाईचे नव्हते, पण छापखान्यात गेलेलं अक्षर मात्र बाईचंच होतं, हे सेजविक महाशयांना कळतं तर?

कुजबुज रॉबर्टच्या नावाचीही होतीच. १८४८ साली एडिंबऱ्याच्या नगरप्रमुखपदासाठी त्याचं नाव पुढे आलं. विरोधकांनी लगेच त्या पुस्तकाचा विषय काढला. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगता येत नव्हतं. रॉबर्टनं नाव मागे घेतलं. तेच पद पुढे १८६५ साली विल्यमला मिळालं. जावयानं एकदा रॉबर्टला विचारलं, की एवढं मोठं काम केलंत तर कबूल का करत नाही? तेव्हा त्यानं पोरांनी भरलेल्या घराकडे बोट दाखवलं आणि आपल्याकडे त्याची अकरा कारणं आहेत, असं सांगितलं.

याच काळात दोघा भावांचा दहा खंडांचा एन्सायक्लोपीडिया निघाला, आणि १८६७ साली चेंबर्स या नावाची पहिली डिक्शनरी आली, जेम्स डोनाल्ड यांनी संपादित केलेली. १९०१ साली थॉमस डेव्हिडसन यांनी ती वाढवून नव्यानं केली. घर स्कॉटलंडचं, त्यामुळे या कोशांनी स्कॉट्स शब्दांना कधी दाराबाहेर ठेवलं नाही. त्याचा फायदा झाला तो शब्दांचे खेळ खेळणाऱ्यांना. स्क्रॅबल काहीजणींच्या घरी असेल, अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून शब्द जुळवायचे. १९८८ साली ब्रिटनमध्ये या खेळासाठी अधिकृत शब्दयादी छापली गेली ती चेंबर्सच्या कोशावरून. त्यामुळे लिख्त आणि स्टेन पटावर चालू लागले. पुढे यादी दुसऱ्या कोशाकडे गेली, शब्द राहिले.

आता ते लाडाचं शेपूट आठवा. इंग्रजी स्क्रॅबलच्या १०० सोंगट्यांत 'वाय' फक्त दोन असतात. पण 'आय' नऊ आणि 'ई' बारा. म्हणजे लॅसी, लॅडी, वायफी जुळवायला शेवटची दोन अक्षरं बहुतेक वेळा हाताशी असतातच. दोन अक्षरी स्कॉट्स शब्द तर खेळणाऱ्यांचे लाडके. 'जे' आणि 'ओ' मिळून होतो 'जो', अर्थ प्रियकर किंवा प्रेयसी, आणि त्याचे नऊ गुण मिळतात. आपला जो-जो अंगाईतला, त्यांचा प्रेमातला. 'ओ' आणि 'ई' ही अक्षरं शेजारी ठेवली की होतो नातू किंवा नात. गुण दोनच, पण नातवंडासाठी एवढा लहान शब्द क्वचितच असेल. या सोंगट्या लावणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल, की हा शब्द कुणा आजीच्या तोंडचा आहे!

अ‍ॅन १८६३ साली गेली. रॉबर्ट तेव्हा वर्षाच्या प्रत्येक दिवसाची माहिती देणारं 'बुक ऑफ डेज' हे अवाढव्य पुस्तक लिहीत होता. त्यानं तो पार थकला. बर्न्स या कवीच्या बहिणीसाठी, इझाबेलाबाईंसाठी, निधी जमवायला पूर्वी धावपळ करणारा हा माणूस आता फारसा बाहेर पडेना. १८७० साली लोकांच्या यमकांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. १७ मार्च १८७१ रोजी सेंट अँड्र्यूजलाच तो वारला.

विल्यमनं पुढच्याच वर्षी भावाचं चरित्र लिहिलं. पीबल्स, टॅम फ्लेक, बेकरीतला गरम पाव, लीथ वॉकवरची बारा फूट पुस्तकं, सगळं त्यात आलं. 'व्हेस्टिजेस'चं गुपित मात्र विल्यमनं त्यातही फोडलं नाही. १८८३ साली तोही गेला. मग ज्यांना आधीपासून माहीत होतं त्यांच्यातला एकच जण जिवंत उरला, मँचेस्टरचा आयर्लंड. त्यानं १८८४ साली पुस्तकाची बारावी आवृत्ती काढून दिली आणि तिच्यावर पहिल्यांदा लेखकाचं नाव छापलं. अ‍ॅन जाऊन तेव्हा एकवीस वर्षं झाली होती.